म्हातारे घरात, तरणे वावरात: हे गणित खेड्यात का फसतं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे भाऊ यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचे ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांचं म्हणणं असं, की कोरोनात सगळ्यांना सरसकट कोंडलं, कापूस घरात पडून राहिला, रोजमजुरी बुडाली. त्यापेक्षा साठीच्या वरचे आणि बीपी-शुगरवाले तेवढे घरात बसवून बाकीच्यांना मोकळं सोडलं असतं तर भागलं नसतं का? पुन्हा अशी साथ आली तर गावानं तसंच करावं का? आणि शेवटी एक घरचा प्रश्न: आजी ७४ वर्षांची, शुगरवाली, घर दोन खोल्यांचं, भाऊ स्वतः रोज मार्केट यार्डात जातात, तर त्यांच्या घरानं काय करायचं?

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत मिळून १९ वर्षं झाली. लोक मला डाक्टरीनबाई म्हणतात. खाली लिहिलंय ते शासनाचं धोरण म्हणून वाचू नका. दोन लाटांत गावोगाव फिरून माझं जे मत बनलं ते हे आहे.

भाऊ, तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग पक्का आहे. कोविड खरोखरच वय बघून मारत होता. २०२० मधल्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या आकड्यांवरून जो हिशेब निघाला तो असा: लागण झालेल्या २५ वर्षांच्या १० हजार जणांत साधारण १ दगावायचा, ५५ वर्षांच्या हजारात ४, ६५ च्या हजारात १४, ७५ च्या हजारात ४६ आणि ८५ वर्षांच्या शंभरात १५. इतका फरक असताना नातवाला आणि आजोबाला एकच नियम का, हे कोणालाही सुचेल. मोठमोठ्यांनाही सुचलं. ऑक्टोबर २०२० मध्ये हार्वर्ड, ऑक्सफर्ड आणि स्टॅनफर्डच्या तीन प्राध्यापकांनी (त्यात सुनेत्रा गुप्ता आणि जय भट्टाचार्य ही दोन आपल्याकडची नावं) ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा काढला, तो हेच म्हणत होता: ज्यांना धोका जास्त त्यांना जपा, बाकीच्यांना जगू द्या. त्यावर लगेच दुसऱ्या शास्त्रज्ञांचं उलट निवेदन आलं. त्यांचा मुद्दा साधा होता, की जपायचं म्हणता, पण वेगळं ठेवणार कसं? स्वीडननं फारसं बंद केलं नाही आणि वृद्धांना जपू असं म्हटलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्याच चौकशी आयोगानं लिहिलं की वृद्धांना जपण्यात देश कमी पडला. तिथं तर बहुतेक म्हातारी माणसं वेगळी राहतात, कोणी एकटी, कोणी वृद्धाश्रमात. आपल्याकडं तीन पिढ्यांची एक चूल.

दुसरं, वयाचा नियम आपल्याकडं नव्हता असं नाही. मे २०२० पासूनच्या केंद्राच्या आदेशांत ६५ वरचे, जुने आजार असलेले, गरोदर बाया आणि १० वर्षांखालची लेकरं यांनी घरातच राहावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. बाकीचं हळूहळू उघडत गेलं, हा नियम कायम राहिला. म्हणजे तुम्ही जे सुचवता ते काही महिने करून झालेलं आहे. आमच्या भागात पाळणाऱ्यांनी ते मनापासून पाळलं. म्हणूनच ते कुठं फसलं हे मला जवळून दिसलं.

एका गावात ७८ वर्षांचे एक आबाजी होते. दमा जुना, बाकी खुटखुटीत. पहिल्यांदा समजवायला गेले तेव्हा मलाच म्हणाले, "मले का होते डाक्टरीनबाई, अठ्ठ्याहत्तर पावसाळे पायले म्या." पण मुलगा शहाणा. त्यानं छपरीत बाज टाकून दिली, ताट-पेला वेगळा केला, पारावर जाणं बंद, पानठेला बंद. सात-आठ महिने आबाजी अंगणाच्या कवाडाबाहेर गेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये घरातले दोघं एका लग्नाला गेले. अमरावती-अचलपूरकडं पुन्हा टाळेबंदी लागली ते हेच दिवस. परतल्यावर नातवाला दोन दिवस कणकण होती, सगळे म्हणाले वातावरण बदललं. हा नातू रोज संध्याकाळी आबाजीच्या बाजेवर पायथ्याशी बसून मोबाइल बघायचा, कारण घरात रेंज फक्त तिथंच यायची. आठव्या दिवशी आशाताईनं फोन केला. मी ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावला तर ८१. आबाजी बोलत होते, चहा मागत होते आणि बोटाला ८१. तिसऱ्या दिवशी गेले. साठीवरच्यांची लस १ मार्चला सुरू झाली, ती त्यांना मिळालीच नाही. सून मला म्हणाली, "बुढा तं घराभाईर निंगलाच नाही बाई. मंग हे आलं कोठून?"

घरातूनच आलं. हे त्या बाईला तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता, मी सांगितलंही नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये 'घरात राहा' म्हणजे बाहेरच्या हवेपासून आणि बाहेरच्या माणसांपासून लांब राहा. आपल्या घरात आठ माणसं, एक दार, असली तर एक खिडकी आणि तीही थंडीत पोत्यानं बंद केलेली. कोविड हवेतून पसरायचा, बंद खोलीत, वेळ काढून. अशा घरात रोज बाहेर जाणाऱ्या चौघांसोबत म्हाताऱ्याला बसवून ठेवणं म्हणजे चौघं जे आणतील ते त्याच्या पुढ्यात ठेवणं. उलट तोच म्हातारा सकाळी वावरात गेला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला, दोन ओळी निंदल्या, तर दिवसभरात त्याला कोणाचा श्वास लागत नाही. म्हणून मी दुसऱ्या लाटेनंतर लोकांना उलटंच सांगायला लागले: आबाजीले वावरात जाऊ द्या. बंदी घालायचीच तर लग्नाला जाणाऱ्या पोट्ट्यावर घाला.

पहिल्या टाळेबंदीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. २०२० च्या मार्चअखेर कापसाची खरेदी थांबली. एप्रिलच्या शेवटी सुरू झाली तीही टोकन घेऊन, रांगेनं, आणि पावसाळा तोंडावर आला तरी संपली नाही. त्या दिवसांत मी घरोघर सांगत फिरत होते की वयस्क माणसाला एक खोली वेगळी द्या. एका घरी बाईनं मला हात धरून आत नेलं आणि आतली खोली दाखवली. आढ्यापर्यंत कापूस. त्या कापसापायी घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली आणि सगळे मिळून पुढच्या खोलीत झोपत होते, त्यात दमेकरी सासू. म्हणजे खरेदी बंद ठेवल्यानं म्हातारीची खोली गेली होती. सवलत कुठं द्यायची हे ठरवताना मी तेव्हापासून एकच विचारते, की या कामानं घरातली जागा मोकळी होते का आणि माणसं उघड्यावर जातात का? कापूस खरेदी, पेरणी, तेंदूपत्ता, मोहफूल, रोहयोचं काम ही सगळी त्या कसोटीला उतरतात. ती पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवायला हरकत नव्हती, वय न बघता.

सरसकट बंदवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवते. नवा आजार येतो तेव्हा तो कोणाला मारतो हे पहिल्या दिवशी कळत नाही. १९१८ च्या फ्लूनं ऐन तारुण्यातली माणसं नेली. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायांचं जास्त वाईट झालं. आणि आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावानं जो विषाणू आहे, १९६५ मध्ये सापडलेला, तो लहान लेकरांच्या मेंदूवर जातो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्यानं लेकरंच दगावली. तो हवेतून पसरत नाही, वाळूमाशी चावून होतो, त्यामुळं तिथं अंतर ठेवण्याचा उपयोग नाही, भिंतीच्या भेगा लिंपण्याचा आहे. म्हणून 'साठीवरचे घरात' हे वाक्य पुढच्या साथीसाठी आत्ताच पाठ करू नका. आजार कोणाला आणि कसा लागतो हे कळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे, वर सांगितलेली उघड्यावरची कामं सोडून, सगळ्यांनीच थांबणं रास्त आहे. माझी तक्रार त्यानंतरची आहे. कळल्यावरही आपण जिल्ह्याच्या रंगावर चालत राहिलो. १ मे २०२० च्या यादीत यवतमाळ लाल आणि गडचिरोली हिरवं. तेव्हा बहुतेक रुग्ण यवतमाळ शहरात होते, पण त्याच जिल्ह्यातल्या झरीचा शेतकरीही लाल.

आता गावानं काय करायचं ते. माझ्या मते यादी माणसांची करू नका, घरांची करा. तुमचं गाव २०० घरांचं धरू. त्यात काही घरं अशी निघतील जिथं धोक्याचं माणूसच नाही: तरुण जोडपं, एक-दोन लेकरं, आईवडील दुसऱ्या गावी. त्या घरांना लवकर मोकळं करा. बाजार, मजुरी, बाहेरगावची ने-आण त्यांच्याकडं द्या. काही घरांत धोक्याचं माणूस आहे, पण जागाही आहे. पक्की छपरी, वेगळा कोठा, वावरात झोपडी. अशा घरातल्या कामकरी माणसांना सोडा, मात्र झोपायची जागा आधी वेगळी झाली पाहिजे. राहिली ती घरं जिथं धोक्याचं माणूस आहे आणि जागा नाही. सगळा कस इथं लागतो. तिथल्या कर्त्या माणसाला तुम्ही कामाला सोडलंत तर म्हातारीला धोका, नाही सोडलंत तर चूल बंद. अशा घराला एकतर जागा द्या, शाळेची खोली, समाजमंदिर, शेजाऱ्याचा रिकामा कोठा, किंवा त्या कर्त्या माणसाला उघड्यावरचं, गावातलंच काम द्या. रोहयोचं मस्टर काढताना ही घरं वर घ्या. ग्रामपंचायतीला एवढं करता येतं. संचारबंदीचा आदेश काढायला जिल्हाधिकारी बसलेले आहेत, तुमच्या हातात जागा आणि काम या दोनच गोष्टी आहेत आणि त्या कमी नाहीत.

आमच्याकडं एका वाडीत हे थोडंफार जमलं. जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत सात म्हाताऱ्या बायांना महिनाभर ठेवलं. पहिल्या आठवड्यात रडारड झाली, दुसऱ्या आठवड्यात त्या तिथं भजनं म्हणायला लागल्या. तेव्हा मलाच जाऊन सांगावं लागलं की गा, पण बाहेर कडुनिंबाखाली बसून गा. दुसऱ्या एका गावात हेच सांगितलं तर लोक म्हणाले, मायला घरातून काढायला सांगता का? तिथं नाही जमलं. गावागावाचा स्वभाव असतो, तुमच्या गावाचा तुम्हाला माहीत.

यादी करताना वयावर फार विसंबू नका, कारण वय आपल्याकडं कागदाचं असतं. आधार कार्ड बघितलं तर अर्ध्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. एकीला मी ५८ लिहिलं आणि तिचा थोरला मुलगा ५० चा निघाला. त्यापेक्षा विचारा की इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तुझं लग्न झालं होतं का, लेकरं किती होती. साल १९८४. त्यावरून वय बरोबर निघतं.

आजाराचंही तसंच. 'बीपी-शुगर आहे का' असं विचारलं की निम्मे नाही म्हणतात, कारण कधी तपासलेलंच नसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आमची पथकं ताप आणि ऑक्सिजन बघत घरोघर गेली. मी माझ्या पथकांना शक्य तिथं ग्लुकोमीटरही दिलं होतं. 'मले काईच नाही' म्हणणारा पंचेचाळिशीचा दुकानदार, साखर ३४०. हा माणूस तुमच्या नियमात 'बाकीचे' मध्ये मोडला असता आणि दिवसभर गल्ल्यावर बसला असता.

आणि सिकलसेल, हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, इकडं मेळघाट, आपल्या यवतमाळच्या काही तालुक्यांतही, याला विसरून विदर्भात धोक्याची यादी होऊच शकत नाही. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयाच्या आजारी लोकांना लस सुरू झाली तेव्हा २० आजारांच्या यादीत सिकलसेल होता. वाचून मला हसावं की रडावं कळेना. माझ्याकडचे सिकलसेलचे बहुतेक रुग्ण विशी-तिशीतले, आणि १८ वरच्यांसाठी लस मे मध्ये उघडली. २०२० च्या दिवाळीआधी २३ वर्षांची एक मुलगी कापूस वेचायला गेली, वय कमी म्हणून कोणी अडवलं नाही. ताप आला आणि त्यातून अंगदुखीचा असा झटका आला की हातपाय हलवता येईनात. ती वाचली, पण दोन वेळा रक्त द्यावं लागलं. तुमच्या यादीत सिकलसेलचा रुग्ण कोणत्याही वयाचा असला तरी वर घ्या. वाहक (ज्यांच्या रक्तात तो गुण आहे, पण आजार नाही) मात्र या यादीत टाकू नका, नाहीतर अर्धी वस्ती घरात बसवाल. क्षयरोगाचंही बघा. टाळेबंदीच्या वर्षात देशात क्षयाच्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या. आजार कमी झाला नव्हता, माणसं दवाखान्यापर्यंत आली नव्हती.

यादी झाली की लोक समजतात काम झालं. पण धोक्याचं माणूस बाहेर का पडतं हे एकदा मोजून बघा. आमच्याकडं कारणं ठरलेली होती. निराधारचे आणि श्रावणबाळचे पैसे काढायला बँकेत, रेशनवर अंगठा द्यायला, बीपीच्या गोळ्यांना दवाखान्यात आणि मयतीला. एप्रिल २०२० मध्ये जनधन खात्यात ५०० रुपये आले तेव्हा तालुक्याच्या बँकेसमोर ज्या रांगा लागल्या त्यात मी स्वतः मोजले, दर तिसरं माणूस पांढऱ्या केसांचं. एका हातानं 'घरात राहा' सांगायचं आणि दुसऱ्या हातानं अंगठ्यासाठी बोलवायचं, हे चालत नाही. पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊन आधारवर पैसे देतो, ही सोय तेव्हा होती, पण गावाला ठाऊक नव्हती. ग्रामपंचायतीनं पोस्टमनशी बोलून महिन्यातला एक दिवस ठरवावा, पिंपळाच्या पारावर. गोळ्यांचं मी माझ्या केंद्रात केलं: अ‍ॅम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन (बीपी-शुगरच्या गोळ्या) एक महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या, आशाताईच्या हाती. वरून विचारणा झाली की साठा इतका लवकर कसा संपतो. उत्तर लिहून दिलं, पुढं काही झालं नाही.

मग काय उघडायचं, कोणत्या क्रमानं? वावर आणि रोहयो पहिल्या आठवड्यापासून, ते वर आलंच. त्यानंतर आठवडी बाजार, मोकळ्या पटांगणात, दुकानं लांब लांब टाकून. बाजाराला लोक उगाच घाबरतात. बाजारापेक्षा बाजाराला नेणारी काळी-पिवळी घातक, १४ माणसं मांडीला मांडी लावून आणि काचा बंद. म्हाताऱ्यांनी गावातच बाजार करावा आणि तालुक्याला जाऊ नये, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. मग शाळा. यावर माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. तोवर ती लेकरं कुठं होती? गावभर हुंदडून जेवायला आजीच्या मांडीवर. लेकरांना स्वतःला धोका कमी होता, शाळेच्या व्हरांड्यात किंवा झाडाखाली वर्ग भरवले असते तर आजीला वाढीव धोका फारसा नव्हता. ज्या घरात आजी आहे आणि जागा नाही, तिथल्या लेकराला गुरुजींनी घरी अभ्यास द्यावा, बाकीच्यांनी शाळेत यावं.

पानठेला उशिरा. तिथं माणसं तासभर तोंडाजवळ तोंड आणून बोलतात, मास्क खाली, आणि एकाच पन्नीतला खर्रा चौघांच्या हातातून फिरतो. पोळ्याचं कोणीतरी विचारेलच: तोरणाखाली बैल उघड्यावर उभे राहतात, माणसं पांगवली तर तासाभराचा पोळा मी होऊ दिला असता, घरोघरचं जेवण नाही. सर्वांत शेवटी लग्नं आणि तेरवी. एप्रिल २०२१ मध्ये शासनानं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. लोकांना ती थट्टा वाटली. माझ्या हद्दीत एका घरातून सहा घरांत गेलेला प्रत्येक मोठा उद्रेक मागं शोधत गेलं की लग्न, साक्षगंध नाहीतर तेरवीपाशीच पोचायचा.

हे सगळं कुठं लागू आणि कुठं नाही, हे दवाखाना किती लांब आहे यावरही ठरतं. वर्ध्याच्या आसपासच्या गावाला सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं हाकेवर. तिथं थोडी चूक झाली तर ऑक्सिजनचा बेड गाठता येतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद, तिथं जुलैमध्ये तीच मोकळीक देणं मला जमणार नाही. जून २०२१ पासून राज्यानं पॉझिटिव्हिटी (तपासलेल्या शंभरात किती बाधित) आणि भरलेले ऑक्सिजन बेड बघून पाच स्तर केले, ती पद्धत रंगांपेक्षा कितीतरी बरी होती. पण आकडा जिल्ह्याचा होता. बेड जिल्ह्याच्या ठिकाणी रिकामा असला तरी तुमच्या गावापासून अडीच तास, रात्री गाडी मिळाली तर. म्हणून गावानं स्वतःचा एक आकडा ठेवावा: फोन केल्यापासून ऑक्सिजनपर्यंत किती वेळ. तो जितका मोठा तितकं सावकाश उघडा. आणि आशाताईकडं ऑक्सिमीटर हवाच. ९४ च्या खाली आला, किंवा सहा मिनिटं चालवल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला, तर 'बरं वाटतंय' हे ऐकून घ्यायचं नाही, गाडी बोलवायची. आबाजींनी मला शिकवलं ते एवढंच.

लस आली की ही घरांची यादी पुन्हा लिहावी लागते. दोन्ही डोस झालेली म्हातारी आणि एकही न झालेली म्हातारी यांना एका रकान्यात ठेवू नका. पण लस पोचायला किती महिने लागतील हे त्या त्या वेळचं, त्यावर आज काही ठरवता येत नाही.

आता तुमच्या आजीचं. दोन खोल्या, त्यात तुम्ही रोज यार्डात, लिलावाच्या घोळक्यात. माझ्या हिशेबानं तुमचं घर तिसऱ्या प्रकारातलं, धोका आहे आणि जागा नाही. साथ आली तर पहिलं काम, आतली खोली आजीला नका देऊ. अंगण किंवा छपरी द्या, तट्ट्याचा आडोसा करून, पावसाळा असेल तर वर ताडपत्री. आतल्या खोलीत तुम्ही झोपा, कारण बाहेरून येणारे तुम्ही आहात. यार्डातून आल्यावर आंघोळ करता ते ठीक, पण कपड्यांपेक्षा तुमचा श्वास महत्त्वाचा. तिच्याशी बोलायचं ते अंगणात, दोन हात लांबून. तिला ऐकू कमी येत असेल तर तुम्ही जवळ जाऊन ओरडून बोलणार, हे मी घरोघर बघितलंय. तेव्हा मास्क लावा. जेवण तिच्या हातचं खायची सवय असेल तर खा, त्यानं काही होत नाही, फक्त चुलीपाशी तिच्यासोबत बसून नका खाऊ. सकाळी तिला वावरात न्या. शेंगा तोडेल, बकऱ्या बघेल, काही नाही केलं तरी चालेल. यार्डात तुमच्याऐवजी जायला धाकटा भाऊ किंवा धोक्याचं माणूस नसलेल्या घरातला एखादा मित्र असेल तर दिवस वाटून घ्या. दोन-तीन घरांचा माल एकानं नेला तर बाकीचे वाचतात.

आजीची साखर शेवटची कधी तपासली हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती या आठवड्यात उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, दोन्ही वेळा उपकेंद्रात बघून घ्या, आणि गोळ्यांची पट्टी सोबत न्या, म्हणजे नर्सबाईंना डोस कळेल.